वकिलीची सनद: बारावीपासून बार कौन्सिलच्या टेबलापर्यंत

एलएलबीचा निकाल लागला की पेढे वाटले जातात आणि दारावर ‘अ‍ॅडव्होकेट’ लिहायची घाई होते. पण विद्यापीठ पदवी देतं, वकिलीचा हक्क देत नाही. तो हक्क राज्याची बार कौन्सिल देते आणि त्याला आपल्याकडे सनद म्हणतात. सनदेचा अर्ज तपासताना फक्त एलएलबीची गुणपत्रिका पाहिली जात नाही. दहावी, बारावी, आधीची पदवी आणि कायद्याची सगळी सत्रं हे कागद ओळीने लावून कुठे खंड आहे का, ते बघितलं जातं. पहिल्या वर्षी ‘कॉलेजने घेतलं ना, मग झालं’ म्हणून सोडून दिलेली गोष्ट तिथे, तीन किंवा पाच वर्षांनी, समोर येते. तेव्हा ती दुरुस्त करणं फार अवघड असतं, कधी कधी अशक्यच. म्हणून आपला पहिला सल्ला असा की कायद्याला प्रवेश घेण्याआधीच सनदेच्या टेबलावरून मागे मोजत या.

कायदा नेमकं काय मागतो

अधिवक्ता अधिनियम, १९६१ च्या कलम २४ मध्ये अटी आहेत. भारताचं नागरिकत्व हवं (परदेशी नागरिकांसाठी परस्पर सवलतीची वेगळी तरतूद आहे), वयाची २१ वर्षं पूर्ण हवीत आणि बार कौन्सिल ऑफ इंडियाने मान्य केलेली कायद्याची पदवी हवी. कलम २४-क मध्ये अपात्रता दिल्या आहेत. नैतिक अधःपतनाच्या गुन्ह्यात शिक्षा झाली असेल तर सुटकेनंतर दोन वर्षं होईपर्यंत नाव नोंदता येत नाही. एखादी तक्रार किंवा गुन्हा नुसता दाखल असेल तर आपोआप अपात्रता येत नाही, पण ती माहिती लपवणं मात्र नक्की अंगाशी येतं. अर्जात विचारलं असेल तिथे खरं लिहा आणि सोबत कागद जोडा.

पदवीचे दोन रस्ते आहेत. बारावीनंतर पाच वर्षांचा एकत्रित अभ्यासक्रम, किंवा कोणत्याही शाखेची पदवी घेऊन तीन वर्षांची एलएलबी. सनदेच्या दृष्टीने दोन्ही सारखेच. पहिल्यात बारावीनंतर पाच वर्षं जातात, दुसऱ्यात सहा. वकिलीच करायची असं बारावीतच पक्कं असेल तर पाच वर्षांचा बरा, कारण एक वर्ष वाचतं आणि इंटर्नशिपला जास्त काळ मिळतो. मन पक्कं नसेल तर बीकॉम किंवा बीए पूर्ण करा. हातात एक पदवी राहते, आणि कर, बँकिंग किंवा कंपनी कायद्याकडे जाणाऱ्याला वाणिज्य शाखेचा पाया पुढे रोज उपयोगी पडतो.

पत्रव्यवहाराने किंवा घरबसल्या ऑनलाइन मिळणारी एलएलबी सनदेसाठी चालत नाही. नियमित वर्गात बसून घेतलेलीच पदवी लागते. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या २००८ च्या विधी शिक्षण नियमांनुसार वर्ग सकाळी ८ ते संध्याकाळी ७ या वेळेत घ्यायचे असतात. ‘ऑफिस सुटल्यावर रात्रीचं लॉ कॉलेज’ ही जुन्या मुंबईतली सोय आता धरून चालू नका.

दोन अटी, ज्यांवर प्रवेशाआधीच अडकायला होतं

पहिली अट टक्केवारीची. पात्रता परीक्षेत, म्हणजे पाच वर्षांसाठी बारावीत आणि तीन वर्षांसाठी पदवीत, खुल्या गटाला ४५ टक्के, इतर मागासवर्गाला ४२ आणि अनुसूचित जाती-जमातींना ४० टक्के लागतात. ४४.९ म्हणजे ४५ असं गृहीत धरू नका. पदवीची टक्केवारी काढताना शेवटच्या वर्षाची धरायची की सर्व वर्षांची, हे विद्यापीठाच्या गुणपत्रिकेवर अवलंबून असतं. श्रेणी किंवा सीजीपीए असेल तर विद्यापीठाकडून टक्केवारीत रूपांतर करून दिल्याचं पत्र घ्या. स्वतः गुणाकार करून अर्जात आकडा टाकू नका. छाननीत तो बदलला तर गुणवत्ता यादीतलं स्थान हलतं, आणि आकडा सीमेवरचा असेल तर अर्जच बाद होतो.

दुसरी अट शिक्षणाच्या क्रमाची, आणि महाराष्ट्रात ती फार जणांना नडते. मुक्त विद्यापीठाची पदवी चालते, पण आधी दहावी, मग बारावी, मग पदवी असा क्रम असेल तरच. दहावी-बारावी न करता पूर्वतयारी परीक्षा देऊन थेट बीएला बसलेल्यांना २००८ च्या नियम ५ च्या स्पष्टीकरणाप्रमाणे कायद्याला प्रवेश मिळत नाही. यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठातून संसार सांभाळत, नोकरी करत पदवी घेतलेल्या कितीतरी बायका आणि कामगार कायद्याकडे येतात. त्यांच्या जिद्दीला तोड नाही. म्हणूनच ही गोष्ट त्यांना कुणीतरी वेळेवर सांगायला हवी. बारावी झालेली असेल आणि मग मुक्त विद्यापीठाची पदवी असेल तर काहीही अडचण नाही, निर्धास्त अर्ज करा. बारावी नसेल तर एलएलबीची फी भरण्याआधी थांबा.

वयाची कमाल मर्यादा सध्या आड येत नाही. चाळिशी-पन्नाशीतले विद्यार्थी मुंबईच्या वर्गांत सर्रास दिसतात.

सीईटी आणि कॅप फेऱ्या

महाराष्ट्रातल्या कायद्याच्या कॉलेजांसाठी २०१६ पासून राज्य सामाईक प्रवेश परीक्षा कक्षाची सीईटी आहे. तीन वर्षांची आणि पाच वर्षांची परीक्षा वेगळी, अर्जही वेगळे. अलीकडच्या परीक्षेत १२० प्रश्न, १२० गुण आणि दोन तास असतात. विषय असे: कायद्याचा कल आणि तर्क, सामान्य ज्ञान व चालू घडामोडी, तार्किक विश्लेषण आणि इंग्रजी. पाच वर्षांच्या परीक्षेत थोडं प्राथमिक गणितही येतं. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, तेव्हा एकही प्रश्न कोरा सोडू नका. मराठी माध्यमाच्या मुलांचे गुण जातात ते बहुतेक इंग्रजीत. रोज एका इंग्रजी वृत्तपत्राचं संपादकीय पान शब्दकोश हाताशी ठेवून वाचायची सवय चार महिने आधी लावली तर फरक पडतो, आणि ही सवय पुढे निकालपत्रं वाचताना लागतेच. राष्ट्रीय विधी विद्यापीठात, म्हणजे मुंबईत २०१४ साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र राष्ट्रीय विधी विद्यापीठात जायचं असेल तर क्लॅट ही राष्ट्रीय प्रवेश परीक्षा द्यावी लागते. ती पूर्ण वेगळी परीक्षा.

सीईटी दिली की प्रवेशाचं काम संपलं असं समजून बरेच जण कॅपची, म्हणजे केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेची, नोंदणीच करत नाहीत. हे दोन टप्पे स्वतंत्र आहेत. निकालानंतर कॅपसाठी वेगळी नोंदणी, कागदपत्रं अपलोड, छाननी, पसंतीक्रम, जागावाटप आणि मग कॉलेजात हजेरी असा क्रम असतो. छाननीत अर्ज त्रुटीसाठी परत आला तर मोबाइलवर संदेश येतो आणि दुरुस्तीला मोजके दिवस मिळतात. त्या आठवड्यांत गावी जाणार असाल तरी लॉगिन रोज उघडून बघा.

आरक्षणाचा लाभ घ्यायचा असेल तर जातीचा दाखला, जात वैधता प्रमाणपत्र आणि जिथे लागू असेल तिथे नॉन-क्रिमिलेअर अशी तीन वेगळी कागदपत्रं आहेत. वैधता प्रमाणपत्राला महिने लागू शकतात, म्हणून त्याचा अर्ज सीईटीच्या आधीच जात पडताळणी समितीकडे गेलेला असावा. नॉन-क्रिमिलेअरची मुदत ३१ मार्चला संपते. प्रवेश जुलै-ऑगस्टमध्ये होत असताना जुना दाखला जोडला की गट खुला धरला जातो.

मुलींसाठी एक महत्त्वाची गोष्ट. जुलै २०२४ च्या शासन निर्णयानुसार आर्थिक दुर्बल घटक, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागासवर्गातल्या, कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत असलेल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची फी माफ आहे. पण प्रवेश केंद्रीभूत प्रक्रियेतून झालेला असावा लागतो. व्यवस्थापन कोट्यातून जागा घेतली की ही सवलत हातची जाते. ‘कॅपची वाट कशाला बघायची, सीट पक्की करून टाका’ असं सांगणाऱ्यांचं ऐकण्याआधी हा हिशेब मांडून बघा.

पसंतीक्रम भरताना मागच्या वर्षीचे कटऑफ समोर ठेवा, पण क्रम मात्र खऱ्या इच्छेनेच लावा. जे कॉलेज मिळालं तरी जाणार नाही ते यादीत घालूच नका, आणि पहिलं नाव तर फार विचार करून टाका. पहिल्याच पसंतीची जागा मिळाली तर पुढच्या फेरीत ती बदलून मिळत नाही.

कॉलेज निवडताना

चर्चगेटचं शासकीय विधी महाविद्यालय १८५५ सालचं, आशियातलं सर्वांत जुनं. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९३५ मध्ये तिथे प्राचार्य झाले. फोर्टातलं सिद्धार्थ विधी महाविद्यालय त्यांनीच स्थापन केलेल्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीचं. चर्चगेटलाच के. सी., विलेपार्ल्यात प्रवीण गांधी आणि जितेंद्र चौहान, वांद्र्यात रिझवी आणि अडवाणी, माटुंग्याच्या बाजूला न्यू लॉ, अशी कॉलेजं शहरभर आहेत.

नावापेक्षा तीन गोष्टी आधी तपासा. कॉलेजला बार कौन्सिल ऑफ इंडियाची मान्यता तुमच्या प्रवेशाच्या वर्षासाठी चालू आहे का. विद्यापीठाची संलग्नता आहे का. आणि घरून लोकलने रोज वेळेवर पोचता येईल का. तिसरी गोष्ट क्षुल्लक वाटते, पण कल्याण किंवा विरारहून सकाळच्या पहिल्या तासाला चर्चगेट गाठायचं म्हणजे पाचची गाडी पकडायची. हे तीन वर्षं झेपत नसेल तर हजेरी पडते, आणि हजेरी पडली की बाकी सगळं पडतं. याची दुसरी बाजूही आहे. चर्चगेटच्या कॉलेजातून सकाळचे तास संपवून ओव्हल मैदान ओलांडलं की समोर उच्च न्यायालय आहे. दुपारी इंटर्नशिप करायची तर यापेक्षा सोयीची जागा नाही.

दुसऱ्या विद्यापीठातून मुंबईत येणाऱ्यांनी स्थलांतर प्रमाणपत्र आणि पात्रतेचं काम पहिल्याच सत्रात संपवावं. तोवर प्रवेश तात्पुरता असतो आणि कागद पोचले नाहीत तर निकाल राखून ठेवला जातो. सहाव्या सत्रात कलिन्याला, मुंबई विद्यापीठात, खेटे घालणाऱ्या कितीतरी जणांची गाडी इथेच अडकलेली असते.

हजेरी, नोकरी आणि दुसरा कोर्स

२००८ च्या नियम १२ प्रमाणे प्रत्येक विषयात ७० टक्के हजेरी हवी, आणि त्यात मूट कोर्ट (सरावाचा नकली खटला), ट्यूटोरियल, प्रात्यक्षिकही धरलं जातं. एका विषयाचे सत्रात ६० तास झाले तर ४२ तास बसलेलं असलं पाहिजे. अपवादात्मक कारण असेल तर प्राचार्य ६५ टक्क्यांपर्यंत, म्हणजे ३९ तासांपर्यंत, सूट देऊ शकतात. पण तेव्हाही सगळ्या विषयांची मिळून हजेरी ७० टक्के लागते. आजारपणाचं सर्टिफिकेट दिलं की हजेरी भरून निघते हा गैरसमज आहे. ते कारण म्हणून चालतं, तास म्हणून नाही.

एलएलबी चालू असताना दुसरी नियमित पदवी करता येत नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ मध्ये एकाच वेळी दोन पदव्यांना परवानगी दिली, त्यावरून बरेच जण एलएलबीबरोबर नियमित एमकॉम घेतात. कायद्याच्या पदवीला मात्र बार कौन्सिल ऑफ इंडियाचा नियम ६ लागू आहे. भाषा किंवा संगणकाचा छोटा अर्धवेळ कोर्स आणि दूरशिक्षणाचा अभ्यासक्रम एवढीच त्यात मोकळीक. सप्टेंबर २०२४ च्या परिपत्रकानंतर विद्यार्थ्यांकडून दुसऱ्या पदवीबद्दल, नोकरीबद्दल आणि फौजदारी प्रकरणांबद्दल घोषणापत्र घेतलं जातं. नोकरी करत शिकत असाल तर कंपनीचं ना-हरकत पत्र पहिल्याच वर्षी घेऊन फाइलला लावा. कंपनी बदलली तर नवं घ्या. पाच वर्षांनी जुन्या मॅनेजरला शोधत बसण्यापेक्षा ते खूप सोपं आहे.

प्रात्यक्षिक पेपर: इथे खरं वकिलीचं शिक्षण आहे

चार प्रात्यक्षिक पेपर सक्तीचे आहेत: मसुदालेखन व दस्तलेखन, व्यावसायिक नीतिमत्ता, पर्यायी वादनिवारण, आणि मूट कोर्ट व इंटर्नशिप. बहुतेक मुलं यांना ‘जर्नल उतरवायचे पेपर’ समजतात आणि सीनियरची वही मागून आणतात. असं करू नका, मनापासून सांगतो. सनद मिळाल्यावर पहिल्या दिवशी सीनियर जे काम देईल ते याच पेपरांतलं असेल.

मसुदालेखनात १५ प्लीडिंगचे (कोर्टात दाखल होणाऱ्या कागदांचे) आणि १५ दस्तऐवजांचे सराव असतात. वादपत्र, कैफियत (प्रतिवादीचं उत्तर), प्रतिज्ञापत्र, जामीन अर्ज, नोटीस, भाडेकरार, मृत्युपत्र, मुखत्यारपत्र. वहीतला नमुना उतरवण्याऐवजी एक खरी गोष्ट घ्या. समजा चाळीतल्या भाडेकरूला घरमालकाने पाणी तोडल्याचं कारण आहे. कोण कुणाविरुद्ध, कोणत्या कोर्टात, कोणत्या तारखेला काय घडलं, आणि नेमकं काय मागायचं. एवढं लिहायला लागलात की कळतं, तारखा नसतील तर वादपत्राला पायच नसतो, आणि मागणीच्या परिच्छेदात जे लिहिलं नाही ते कोर्ट सहसा देत नाही.

मूट कोर्ट वर्षाला किमान तीन अपेक्षित आहेत. त्याशिवाय दोन खटल्यांची सुनावणी बघून नोंद ठेवायची असते, एक दिवाणी आणि एक फौजदारी. इथे मुंबईकर विद्यार्थी नशीबवान आहेत. फोर्टात शहर दिवाणी व सत्र न्यायालय आहे, उपनगरांसाठी दिंडोशीला त्याची शाखा आहे, धोबी तलावला लघुवाद न्यायालय, किल्ला कोर्ट, वांद्रे-कुर्ला संकुलात कुटुंब न्यायालय. कौटुंबिक प्रकरणं बंद दाराआड चालू शकतात, तेव्हा निरीक्षणासाठी ती निवडू नका. सकाळी बोर्ड (त्या दिवशीच्या प्रकरणांची यादी) बघा आणि पुराव्याच्या टप्प्यावरचं प्रकरण शोधा. नुसत्या तारखा पडत असलेल्या प्रकरणात दिवसभर बसून वहीत ‘पुढील तारीख’ याखेरीज काही लिहिता येत नाही. साक्षीदाराची उलटतपासणी चालू असेल तिथे मागच्या बाकावर शांत बसा, फोन बंद ठेवा, आणि वकिलाचा प्रश्न व साक्षीदाराचं उत्तर यांतून न्यायाधीश शेवटी काय टिपून घ्यायला सांगतात त्याकडे लक्ष द्या. त्या तीन गोष्टींमधला फरक पुस्तकात सापडत नाही.

इंटर्नशिप तीन वर्षांच्या अभ्यासक्रमात एकूण किमान १२ आठवडे आणि पाच वर्षांच्या अभ्यासक्रमात २० आठवडे. एका वर्षात सलग चार आठवड्यांपेक्षा जास्त धरली जात नाही. म्हणजे शेवटच्या वर्षी एकदम बारा आठवडे करून टाकू हा हिशेब चुकतो. खालच्या कोर्टात काम करणाऱ्या आणि अपिलाचं काम करणाऱ्या, दोन्ही प्रकारच्या वकिलांकडे किमान एकदा तरी राहा.

डायरी रोज लिहा: तारीख, कोर्ट व खोली, प्रकरणाचा क्रमांक, टप्पा, त्या दिवशी काय झालं, तुम्ही स्वतः काय केलं. वकिलाची सही दर शुक्रवारी घ्या. महिनाअखेरीला एकदम सह्या मागायला गेलं की सीनियर बाहेरगावी असतात, आणि एकाच पेनाने, एकाच दिवशी लिहिलेली तीस पानं तोंडी परीक्षेत ताबडतोब ओळखू येतात.

निकालानंतर सनदेचा अर्ज

महाराष्ट्र आणि गोवा बार कौन्सिलचं कार्यालय फोर्टात, उच्च न्यायालयाच्या विस्तारित इमारतीत आहे. अर्ज भरताना सगळ्यात जास्त घोळ होतो तो नावाचा, म्हणून त्याबद्दल जरा सविस्तर.

टेबलावर दहावी, बारावी, पदवी, एलएलबी आणि आधार असे पाच कागद शेजारी शेजारी ठेवा आणि बोट ठेवून एकेक अक्षर वाचा. दहावीला आडनाव आधी, नंतर नाव, मग वडिलांचं. विद्यापीठाच्या गुणपत्रिकेवर शेवटी आईचंही नाव. आधारवर नाव आधी, आडनाव शेवटी. क्रमाचा फरक चालतो, अक्षरांचा नाही. इंग्रजीत ‘दीपक’ कुठे एक ‘आय’ घालून, कुठे दोन ‘ई’ घालून. लग्नानंतर एलएलबी केलेल्यांचं आडनाव पदवीपर्यंत माहेरचं आणि पुढे सासरचं.

दहावी-बारावीच्या गुणपत्रिकेतली चूक मंडळाच्या वाशीच्या विभागीय कार्यालयातून, शाळा किंवा ज्युनिअर कॉलेजमार्फत दुरुस्त होते. एलएलबीच्या गुणपत्रिकेतली चूक कॉलेजमार्फत विद्यापीठाच्या परीक्षा भवनात जाते. लग्नामुळे किंवा इच्छेने नाव बदललं असेल तर विवाह प्रमाणपत्र आणि राजपत्रातली नोंद हवी. हे सगळं शेवटच्या सत्राचा निकाल लागायच्या आधी, पाचव्या सत्रातच उरकता येतं. जे नाव सनदेवर येईल तेच पुढे वकालतनाम्यावर, म्हणजे पक्षकाराने वकिलाला दिलेल्या अधिकारपत्रावर, लागणार आहे.

मूळ कागद आणि साक्षांकित प्रतींचे दोन संच तयार ठेवा. सर्व सत्रांच्या गुणपत्रिका लागतात, एटीकेटी असेल तर नापास झालेली आणि नंतर पास झालेली, दोन्ही. जुनी गुणपत्रिका ‘आता काय कामाची’ म्हणून टाकून देऊ नका. शिक्षणात खंड असेल तर त्या काळात काय केलं याचं प्रतिज्ञापत्र करा.

फीबद्दल स्पष्ट सांगायला हवं, कारण यावर वर्षानुवर्षं गरीब घरच्या मुलांनी कर्ज काढलंय. अधिनियमात नोंदणी शुल्क राज्य कौन्सिलला ६०० आणि बार कौन्सिल ऑफ इंडियाला १५०, मिळून ७५० रुपये आहे. अनुसूचित जाती-जमातींसाठी १०० आणि २५, मिळून १२५. शिवाय लागू असेल ते मुद्रांक शुल्क. देशभरातल्या कौन्सिलं इतर नावांखाली हजारो रुपये घेत होत्या. गौरव कुमार विरुद्ध भारत सरकार या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ३० जुलै २०२४ रोजी सांगितलं की नोंदणीच्या वेळी कायद्यातल्या रकमेपेक्षा जास्त घेता येणार नाही. ‘फी’ म्हणून कुणी मोठा आकडा सांगितला तर आधी कार्यालयाच्या खिडकीवर विचारा आणि पावतीशिवाय एक रुपयाही देऊ नका.

नोकरी असेल तर

पूर्ण वेळ पगारी नोकरीत असताना वकिली करता येत नाही, हा बार कौन्सिल ऑफ इंडियाचा नियम ४९ आहे. बँकेत, महापालिकेत किंवा मंत्रालयात नोकरी करत एलएलबी झालेल्यांनी सनद घेण्याआधी राजीनाम्याचा निर्णय करावा लागतो. दुसरा व्यवसाय चालू ठेवून सनद घेण्याचा प्रश्न महाराष्ट्रातूनच सर्वोच्च न्यायालयात गेला होता. मुंबईतल्या एका शल्यविशारदाला डॉक्टरकी चालू ठेवून वकील व्हायचं होतं, राज्याच्या कौन्सिलने नकार दिला आणि १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो नकार योग्य ठरवला. नोकरी सोडायची नसेल तर पदवी वाया जात नाही. कंपनीच्या विधी विभागात बढतीला ती चालते. फक्त तोवर काळा कोट आणि बँड घालून कोर्टापुढे उभं राहायचं नाही.

अखिल भारतीय बार परीक्षा

२००९-१० पासून पदवीधर झालेल्या सगळ्यांना ही परीक्षा लागते. आधी तात्पुरती नोंदणी मिळते आणि दोन वर्षांत परीक्षा पास व्हायची असते, मग प्रॅक्टिसचं प्रमाणपत्र येतं. फेब्रुवारी २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ही परीक्षा वैध ठरवली, तेव्हा ती टळेल या आशेवर कुणी थांबू नये.

१०० बहुपर्यायी प्रश्न, चुकीला गुण कापत नाहीत, मराठीतूनही देता येते. खुल्या आणि इतर मागास गटाला ४५, अनुसूचित जाती-जमातींना ४० टक्के. संविधान, दिवाणी प्रक्रिया आणि फौजदारी प्रक्रिया यांना प्रत्येकी १० गुण. पुरावा, दंडविधान, करार-मालमत्ता आणि कौटुंबिक कायदा यांना प्रत्येकी ८. म्हणजे या सात विषयांतच ६२ गुण आहेत. अभ्यासाचा वेळ त्याच प्रमाणात वाटा. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता, नागरिक सुरक्षा संहिता आणि साक्ष्य अधिनियम लागू झालेत. ज्यांनी जुने कायदे शिकून पदवी घेतली त्यांनी जुनी-नवी कलमं समोरासमोर लिहिलेला तक्ता स्वतःच्या हाताने बनवावा. बनवतानाच निम्मी पाठ होतात.

परीक्षेला बेअर अ‍ॅक्ट (कायद्याचा नुसता मूळ मजकूर असलेली पुस्तकं) नेता येतात, पण कोरे. टिपणं किंवा भाष्य असलेली पुस्तकं दारावरच काढून घेतात. वर्षभर पेन्सिलीने रंगवलेली आपली आवडती प्रत त्या दिवशी घरीच ठेवावी लागते, म्हणून कोरा संच वेगळा घ्या. आणि पुस्तक जवळ आहे म्हणून अभ्यास टाळू नका. १०० प्रश्न म्हणजे प्रश्नाला जेमतेम दोन मिनिटं. अनुक्रमणिकेत कलम कुठे येतं हे हाताला माहीत असेल तरच पुस्तक उपयोगी पडतं.

कलम ३० प्रमाणे सनदधारक वकिलाला देशभर कुठेही उभं राहता येतं. पुढे दुसऱ्या राज्यात कायमचं गेलात तर कलम १८ खाली नाव तिकडच्या पटावर (वकिलांच्या नोंदवहीत) वळवता येतं. एकाच वेळी दोन राज्यांच्या पटांवर नाव ठेवता येत नाही.

मुंबईत सॉलिसिटर होण्याची जुनी वाटही अजून चालू आहे. बॉम्बे इनकॉर्पोरेटेड लॉ सोसायटीची परीक्षा आणि त्याआधी सॉलिसिटरकडे तीन वर्षांची आर्टिकलशिप, म्हणजे उमेदवारी. कष्ट भरपूर, पण दस्तऐवज आणि व्यवहारांची जी शिस्त तिथे लागते ती दुसरीकडे सहज मिळत नाही.

न्यायाधीश व्हायचं मनात असेल तर तात्पुरत्या नोंदणीची तारीख जपून ठेवा. मे २०२५ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर दिवाणी न्यायाधीश कनिष्ठ स्तर या पदासाठी तीन वर्षांची वकिली लागते, आणि ती तीन वर्षं त्याच तारखेपासून मोजली जातात. दहा वर्षं वकिली झालेल्या सीनियरचा दाखला त्यासाठी लागतो आणि त्यावर न्यायिक अधिकाऱ्याचं शिक्कामोर्तबही. तेव्हा पहिल्या दिवसापासून ज्या प्रकरणांत वकालतनाम्यावर तुमचं नाव आहे, त्यांचे क्रमांक आणि तारखा एका वहीत उतरवत चला.